भिंतीपासून चार बोटे दूर

पुण्यातल्या ज्या भाड्याच्या खोलीत मी पूर्वी ध्वनिमुद्रण करीत असे, ती सोडताना घरमालकांनी माझ्या अनामत रकमेतून साडेसहा हजार रुपये कापून घेतले आणि त्यावर मला एक शब्दही बोलता आला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. खोली घुमते म्हणून मी बाजारातून फोमचे चौकोनी, काळे, पिरॅमिडच्या आकाराचे चोवीस तुकडे आणले होते आणि ते दुहेरी चिकटपट्टीने समोरच्या भिंतीवर बसवले होते. दोन वर्षांनी ते काढायला घेतले, तेव्हा पहिलाच तुकडा हातात आला तो भिंतीचा रंग पाठीवर घेऊनच. दुसऱ्याबरोबर रंगाखालची लांबीही (पुट्टी) निघाली. खिडकीजवळचा तुकडा ओढला, तेव्हा तळहाताएवढा पापुद्रा सुटून आतले राखाडी प्लास्टर दिसू लागले आणि वाळूचे कण जमिनीवर सांडले. त्याच भिंतीला पावसाळ्यात ओल येत असे, हे मला ठाऊक होते. फक्त त्या ओलीचा आणि माझ्या फोमचा संबंध मी कधी लावला नव्हता.

पुष्कळ जण अशा वेळी चिकटपट्टीला दोष देतात. वास्तविक चिकटपट्टीने तिचे काम चोख केलेले असते. पट्टी रंगाला धरून असते, रंग लांबीला आणि लांबी प्लास्टरला; ओढ बसली की यांपैकी जे सर्वांत कच्चे, ते आधी सुटते. आपल्याकडच्या भाड्याच्या घरांत स्वस्तातला डिस्टेंपर आणि त्याखाली घाईने मारलेली लांबी हाच सर्वसाधारण प्रकार असल्यामुळे ‘भिंतीला इजा होणार नाही’ असे पाकिटावर छापलेल्या पट्ट्यासुद्धा तेथे विश्वासाच्या नसतात. परीक्षा सोपी आहे. कोरडा तळहात भिंतीवर दाबून घासावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर त्या भिंतीवर कोणतीही चिकटपट्टी लावू नये, मग ती कितीही महाग असो. भिंत गुळगुळीत असेल आणि तिच्यावर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट असेल, तर खाली ओढून काढायच्या पट्ट्या चालतात; मात्र लावण्यापूर्वी भिंत स्पिरिटने पुसावी, पट्टी नीट दाबून तासभर तशीच राहू द्यावी आणि काढताना तिचे शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, अगदी सावकाश ओढावे. अंगाकडे ओढले की रंग आलाच म्हणून समजावे. मी स्वतः आता अशा पट्ट्यांचा उपयोग फेल्टचा हलका तुकडा लावण्यापुरताच करतो.

नव्या घराच्या वेळी करारातच सावध झालो. महाराष्ट्रात ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो नोंदवावा लागतो. त्यात, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून जागा होती तशी परत करावी, असे एक कलम असतेच. आम्ही सही करीत असताना घरमालक काका म्हणाले, “तुम्ही काय ते पुस्तकं वाचता ना, आवाज देता? चांगलं आहे. पण एक सांगतो, भिंतीला खिळा एकही ठोकायचा नाही. परवाच रंग दिलाय.” मी होकार दिला. त्या होकाराने माझ्या कामात मोठीच अडचण होणार, अशी माझी त्या दिवशी समजूत होती. प्रत्यक्षात त्यामुळेच माझी खोली पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली वाजू लागली, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

खोली ११ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. खाली व्हिट्रिफाइड फरशी, चारी बाजूंना विटांची भिंत, एका बाजूला सरकती काच. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की तिच्यामागून एखादी स्प्रिंग थरथरल्यासारखा चिरका, कंप पावणारा आवाज येई. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत ध्वनी चेंडूसारखा मागेपुढे जात राहिल्याचा तो परिणाम. त्याहून त्रासदायक होते ते खालच्या स्वरांचे घुमणे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशोबाने ११ फुटांच्या अंतरात ५१ आणि १०२ हर्ट्झला, तर १० फुटांच्या अंतरात ५६ आणि ११२ हर्ट्झला लाटा उभ्या राहतात. पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो आणि माझा ११०च्या आसपास आहे. म्हणजे खोली नेमकी माझ्याच आवाजाच्या पट्टीत घुमत होती. वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरला की ध्वनिमुद्रणात ‘होता’, ‘गेला’ हे शब्द घागरीतून आल्यासारखे ऐकू येत.

येथे एक खुलासा करून पुढे जातो. खोलीतला आवाज शोषून घेणे वेगळे आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे वेगळे. शेजारच्या कुकरची शिट्टी फोमने थांबत नाही, दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या रॉकवूलनेही थांबत नाही. त्यासाठी वजनदार आणि फटी नसलेले बांधकाम लागते, जे भाडेकरूच्या हातात नसते. मी कुकरच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत आणि त्या टाळून मुद्रण करतो. अंड्यांच्या ट्रेविषयीही लोक अजून विचारतात. ते ट्रे दोन्हींपैकी एकही काम धडपणे करीत नाहीत आणि पेटतात मात्र पटकन.

आता मूळ मुद्दा. ध्वनी म्हणजे हवेची हालचाल. ती हालचाल तंतूंच्या जाळ्यातून जाताना घर्षणाने उष्णतेत बदलते, हेच शोषण. परंतु टणक भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलूच शकत नाही, कारण भिंत तिला अडवते. तेथे दाब सर्वाधिक असतो आणि हालचाल शून्य. ती सर्वाधिक होते भिंतीपासून तरंगलांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर. म्हणजे ५ सेंटिमीटर जाडीचे शोषक भिंतीला घट्ट चिकटवले, तर त्याचा दर्शनी पृष्ठभाग जेमतेम १७०० हर्ट्झच्या लाटेच्या या चतुर्थांशापर्यंत पोहोचतो, आणि त्याच्या खाली स्वर जसजसा उतरतो तसतसा त्याचा प्रभाव कमी होत जातो. तेच शोषक भिंतीपासून चार बोटे, म्हणजे सात-साडेसात सेंटिमीटर, पुढे आणून उभे केले की हा आकडा ७०० हर्ट्झपर्यंत खाली येतो. जादा पैसा नाही, जादा सामान नाही. केवळ हवेची फट. शिवाय मागची बाजू उघडी राहिल्याने भिंतीवरून परत फिरणारा ध्वनी पाठीकडूनही शोषला जातो. माझे जुने फोमचे तुकडे जेमतेम दोन इंचांचे, तेही टोकाशी, आणि भिंतीला चिकटलेले होते. त्यांनी आवाजातला वरचा तजेला तेवढा खाऊन टाकला आणि घागर तशीच राहू दिली. भिंतीचे नुकसान झाले ते वेगळेच.

एकदा हे ध्यानात आल्यावर खिळ्याची चुटपुट संपली. ज्या वस्तूने भिंतीपासून लांबच उभे राहायचे, तिला भिंतीत अडकवायचे कशाला? मी सहा स्वतंत्र चौकटी करून घेतल्या, ज्यांना स्टुडिओतले लोक ‘गोबो’ म्हणतात. रॉकवूलचे तयार पत्रे ४ फूट बाय २ फूट, २ इंच जाडीचे मिळतात. घनमीटरला ४८ किलो घनतेचा असा एक पत्रा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो आणि पाइनच्या पट्ट्यांची चौकट धरूनही एकूण वजन पाच किलोच्या आत राहते. आमच्या भागातल्या सुताराने चौकटी सुबक केल्या, पण त्याला एक गोष्ट काही केल्या पटेना. “साहेब, मागनं प्लाय मारू द्या की. उघडी पाठ म्हणजे अर्धं काम सोडून गेल्यासारखं दिसतंय,” असे तो दोन दिवस म्हणत होता. प्लाय मारला असता, तर फटीचा सारा उपयोगच संपला असता. शेवटी मी त्याला एका चौकटीच्या मागे उभे करून तिच्या आरपार बोलून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, तुमची मर्जी.

उंचीचा विचार मात्र नीट करावा लागला. खुर्चीत बसल्यावर माझे तोंड जमिनीपासून जवळजवळ चार फुटांवर येते. चौकट सरळ जमिनीवर ठेवली, तर तिची वरची कडा तोंडापाशीच संपते आणि ऐन गरजेच्या ठिकाणी उघडी भिंत राहते. म्हणून शाळेतल्या फळ्याच्या घोडीला असतात तसे पाय लावून चौकटीची खालची कडा जमिनीपासून दीड फूट उचलून घेतली. त्यामुळे वजन वर गेले आणि चौकट कलंडण्याची भीती आली, तेव्हा आडव्या पायांची लांबी सव्वा फूट ठेवून त्यांवर वाळूच्या लहान पिशव्या टाकल्या. पायांखाली फेल्टचे तुकडे आहेत. फरशीवरचा ओरखडाही शेवटी अनामत रकमेतूनच जातो.

रॉकवूल आणि काचेचे ग्लासवूल या दोन्हींचे बारीक तंतू अंगाला लागले की भयंकर खाज सुटते. ते काम गच्चीवर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क घालून करावे. अंग नंतर थंड पाण्याने धुवावे आणि आधी चोळू नये. पत्र्याला प्रथम पातळ न विणलेल्या कापडाचे अस्तर घालून त्यावर मांजरपाट ताणून स्टेपल गनने ठोकले. कापड निवडताना दुकानात ते तोंडापाशी धरून फुंकर मारून पाहावी. फुंकर पलीकडे गेली, तर ध्वनीही जातो. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहतो, पण रेक्झिन किंवा घट्ट विणीचे सोफ्याचे कापड घेऊन मागाहून पस्तावण्यापेक्षा ते परवडले. फोमपेक्षा मी रॉकवूल निवडले त्यामागे आणखी एक कारण आहे: रॉकवूल जळत नाही, तर साध्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला की त्याचा धूर विषारी असतो. विजेच्या तारांच्या गुंत्यात तासन्‌तास बंद दाराआड बसणाऱ्याने एवढा विचार करायला हवा.

चौकटी कोठे ठेवायच्या हे टाळीने ठरवले. दोन माझ्या पाठीमागे, कारण माइक माझ्याकडे तोंड करून असतो आणि माझ्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्याच्यात शिरतो. लोक हटकून माइकमागची भिंत झाकतात आणि स्वतःच्या पाठीमागची उघडी ठेवतात. दोन डाव्या-उजव्या बाजूंना, समोरासमोर नव्हे तर थोड्या तिरक्या आणि मागेपुढे, आणि उरलेल्या दोन समोरच्या कोपऱ्यांत कर्णरेषेत, जेथे फट आपोआपच मोठी मिळते. खिडकीला काकांचाच पडद्याचा दांडा होता. त्यावर दुहेरी जाड पडदा दुप्पट चुण्या देऊन सोडला. दारावर माळा आहे. त्याच्या सिमेंटच्या कडेला दोन सी-क्लॅम्प, मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून, बसवले आणि त्यांना बांबू बांधून त्यावर गावाकडची घोंगडी दुमडून टाकली. घोंगडी हे आपल्याकडचे फार चांगले शोषक आहे. सोलापुरी चादर दिसायला छान, पण या कामाला पातळ. जमीन ते छत ताणून बसवायचे स्प्रिंगचे खांबही मिळतात, परंतु वर पीओपीचे खोटे छत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

लोखंडी कपाटाने मला आठवडाभर छळले. विशिष्ट शब्दांनंतर कोठेतरी बारीक झणझण ऐकू येई आणि मी तारा, माइक, स्टँड सगळे बदलून पाहिले. शेवटी कपाटाच्या दाराला हात लावून ‘ओम्’ म्हटल्यावर उलगडा झाला. त्यात गोधड्या भरून दारे गच्च बंद केली आणि झणझण थांबली.

राहिले ते खालचे घुमणे. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. तिचा चतुर्थांश ८६ सेंटिमीटर. दोन इंचांची चौकट आणि चार बोटांची फट तिच्यापुढे काय करणार? यावर दोन उपाय केले आणि दोन्हींचा भिंतीशी काहीही संबंध नाही. पहिला फुकटचा. मी टेबल खोलीच्या बरोबर मध्यभागी मांडले होते आणि १०२ व ११२ हर्ट्झच्या लाटांचा दाब सर्वाधिक असतो तो भिंतींशी आणि नेमका मध्यावर. लांबीच्या एक चतुर्थांशावर तो सर्वांत कमी असतो. टेबल ओढून माइक एका भिंतीपासून पावणेतीन फुटांवर आणला, आणि ‘होता-गेला’ची घागर निम्म्याने रिकामी झाली. दुसरा उपाय म्हणजे रॉकवूलचे न फोडलेले गठ्ठे. कारखान्यातून येतात तसे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गठ्ठे मागच्या दोन कोपऱ्यांत एकावर एक रचून ठेवले. पातळ प्लास्टिकवरून वरचे स्वर परततात, पण खालचे आत शिरतात, आणि एवढ्या जाडीत त्यांना गाठणारे काहीतरी अखेर मिळते. वर एक बेडशीट टाकले की ते सामानच दिसते. सौ.ने त्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवली आहे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने तिला काही हरकत नाही.

सुटे सामान टाकून खोली सुधारायची ही कल्पना हलकी समजण्याचे कारण नाही, कारण खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा उगमच तेथे आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस क्लेमेंट सेबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला फॉग संग्रहालयातले एक व्याख्यानगृह सुधारायला सांगितले. तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असल्यामुळे व्याख्यान कोणाला समजतच नव्हते. सेबाइनने रात्री, शहर शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणाव्यात, त्या थोड्या थोड्या पसराव्यात, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवाव्यात. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात: आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे खोलीचे घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. माझ्या ३० घनमीटरच्या खोलीला ते लावले, तर उघड्या अवस्थेत सुमारे १.६ सेकंद येतात. सहा चौकटींचे चार-सव्वाचार चौरस मीटर शोषण मिळवले की ०.७, आणि पडदा, घोंगडी, कापसाची गादी, गठ्ठे धरले की अर्ध्या सेकंदाच्या खाली. लहान खोलीत हे सूत्र काटेकोर चालत नाही, अंदाजापुरते चालते. पण कानालाही फरक तेवढाच जाणवला.

छताचा प्रश्न सर्वांत शेवटी सुटला. डोक्यावरच्या स्लॅबवरून येणारे परावर्तन माइकला फार जवळचे असते आणि तेथे तर हुक मारण्याशिवाय गत्यंतर नाही, असे मी धरून चाललो होतो. उपाय सापडला तो आजीच्या पलंगाच्या मच्छरदाणीत. तिचा चार दांड्यांचा लोखंडी सांगाडा माळ्यावर पडून होता. तो टेबलाभोवती उभा केला, वरच्या चार सळ्यांना आडव्या पट्ट्या बांधल्या आणि त्यांवर दीड इंच जाडीची पॉलिएस्टरची वाकळ पसरली. जाड रॉकवूल मुद्दामच टाळले, कारण ते वर ठेवून खाली बसायचे म्हणजे मानेवर टांगती तलवार. छतापासून ही वाकळ तीन फूट खाली आहे, म्हणजे फट येथेही उदार आहे.

पावसाळ्यात या रचनेचा आणखी एक फायदा दिसला. बाहेरच्या भिंतीला जुलैत थोडी ओल आली, पण चौकटींच्या मागे हवा खेळती असल्यामुळे ना कापडाला बुरशी लागली, ना भिंतीला डाग पडला. आठवड्यातून एकदा चौकटी सरकवून मागे केरसुणी फिरवतो, एवढीच देखभाल.

अकरा महिने झाल्यावर कराराचे नूतनीकरण करायला काका आले. खोलीत शिरताच मच्छरदाणीच्या सांगाड्याकडे पाहून क्षणभर थबकले, मग एकेक चौकट स्वतः बाजूला करून भिंतीवरून हात फिरवत चारी बाजू पाहून घेतल्या. दारामागे येऊन थांबले आणि कॅलेंडर उचलून म्हणाले, “हा खिळा कधी ठोकलात?” मी मोबाइल काढला आणि ताबा घेतला त्या दिवशी काढलेली छायाचित्रे चाळू लागलो. खोलीच्या प्रत्येक भिंतीची, कोपऱ्यांसकट, तारखेनिशी ठेवली आहेत. बत्तिसाव्या छायाचित्रात, रिकाम्या खोलीत, दारामागे तो खिळा होता. काकांनी चष्मा वर करून ते दोनदा मोठे करून पाहिले. “आधीच्या भाडेकरूचा असेल,” असे म्हणून त्यांनी कॅलेंडर पुन्हा त्याच खिळ्याला अडकवले.